कोर्टातलं प्रेम: आधी अशिलाला सांगावं लागतं

तुमचा प्रश्न काल रात्री वाचला आणि आज दोन मॅटरच्या मधल्या वेळात बार रूममध्ये बसून परत एकदा वाचला. थोडक्यात असं, की तुम्ही तिघं मिळून पुण्यातल्या वकिलांवर एक हलकीफुलकी वेबसिरीज लिहिताय, नायक-नायिका दोघंही शिवाजीनगर कोर्टात प्रॅक्टिस करतात, लॉ कॉलेजात असताना प्रेम होतं, मग तुटलं, आणि आता दर एपिसोडला एकमेकांविरुद्ध उभे राहतात. डोळ्यासमोर 'अ‍ॅली मॅकबील' ही वकिलांवरची अमेरिकन मालिका आहे. ज्यांना ज्यांना वाचायला दिलं ते सगळे म्हणतात की एकतर कोर्ट ठेवा नाहीतर लव्हस्टोरी, आत्ता दोन वेगळ्या सिरीज एकाआड एक बघतोय असं वाटतं. आणि दुसरा प्रश्न, समोरासमोरच्या वकिलांचं असं प्रेम नियमात बसतं का.

मी गेली २२ वर्षं इथेच प्रॅक्टिस करतेय, जास्त करून फॅमिली कोर्ट आणि वाड्यांमधले मालक-भाडेकरूचे दावे. मधल्या काळात तीन-चार लेखकांच्या स्क्रिप्ट कायद्याच्या बाजूने तपासून दिल्या. त्यामुळे दोन्हीकडचं थोडं थोडं कळतं आणि या विषयावर माझा फार जीव आहे, म्हणून उत्तर लांबणार.

पहिली गोष्ट, लोक तुम्हाला 'एक काहीतरी ठेवा' म्हणतायत ते मला पटत नाही. कोर्ट किती टक्के आणि प्रेम किती टक्के हा हिशोब करत बसू नका. खरी अडचण अशी आहे की तुमच्या केसला प्रेमाची गरज नाहीये आणि प्रेमाला केसची गरज नाहीये. तुम्ही दिलेला पहिला एपिसोड बघा, घटस्फोटाची केस आहे, नायिका भरकोर्टात पाच पानी युक्तिवाद करते, बोलता बोलता स्वतःच्याच मोडलेल्या नात्याबद्दल बोलायला लागते, नायक समोर बसून ऐकतो, मागच्या बाकावर मित्रमैत्रिणींचे डोळे भरून येतात. आता त्या घटस्फोटाच्या जागी चेक बाउन्सची केस टाका, भाषणातली चार वाक्यं बदलावी लागतील, बाकी गोष्ट आहे तशीच राहील. म्हणजे ती केस तिथे फक्त आरसा म्हणून टांगलेली आहे. प्रेक्षकाला हे पाचव्या मिनिटाला कळतं आणि मग तो केसचे सीन पुढे ढकलतो.

हे भाषण तुमच्याकडे कुठून आलं तेही लक्षात घ्या. अ‍ॅली मॅकबील अमेरिकेत फॉक्सवर १९९७ ते २००२ चालली, ११२ भाग झाले. लिहिणारा डेव्हिड केली स्वतः आधी बॉस्टनमध्ये वकिली करत होता. तासाभराची मालिका असूनही १९९९ चं सर्वोत्कृष्ट कॉमेडीचं एमी, म्हणजे तिकडचा टीव्हीचा मोठा पुरस्कार, तिला मिळालं आणि त्याच वर्षी ड्रामाचं एमी मिळालं ते केलीच्याच दुसऱ्या वकिलांच्या मालिकेला. तर त्यात अ‍ॅली ज्या फर्ममध्ये नोकरीला लागते तिथेच तिचा लहानपणापासूनचा प्रेमी बिली असतो आणि त्याचं लग्न झालेलं असतं, बायको पण वकील. एक ऑफिस, एकच कॉमन बाथरूम, संध्याकाळी सगळे खालच्या बारमध्ये. आणि दर भागात एखादी विचित्र केस, जिच्या शेवटच्या युक्तिवादात कुणीतरी वकील प्रेम, एकटेपणा, लग्न यावर मनातलं बोलून जातो. बिलीचा शेवटसुद्धा कोर्टातच होतो, युक्तिवाद चालू असताना तो कोसळतो, ब्रेन ट्युमर असतो.

पण तिथे तो वकील बोलतो कुणाशी? ज्युरीशी. बारा साधी माणसं, जी कायदा शिकलेली नाहीत, ज्यांच्या मनाला हात घालणं हेच वकिलाचं काम. त्यामुळे तिथे वकिलाने स्वतःच्या काळजातलं बोलणं हा त्याच्या धंद्याचाच भाग होतो, ओढूनताणून आणलेलं वाटत नाही. आपल्याकडे ज्युरी नाही. १९५९ च्या नानावटी खटल्यात, नौदलातल्या अधिकाऱ्याने बायकोच्या प्रियकराला गोळ्या घातल्या त्या, ज्युरीने ८ विरुद्ध १ असं निर्दोष ठरवलं, सेशन जज्जना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं, हे तुम्हाला माहीत असेलच. त्या एका खटल्याने ज्युरी एका रात्रीत गेली असं सगळे सांगतात तसं मात्र नाही, ती हळूहळू कमी होत गेली आणि १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागाच ठेवली नाही. आज शिवाजीनगरला तुमच्या नायिकेसमोर एक जज्ज बसलेत, त्यांच्या बोर्डावर साठ-सत्तर मॅटर आहेत, दारात पुढचे पक्षकार उभे आहेत, आणि ती प्रेमावर बोलायला लागली की दुसऱ्या मिनिटाला ते शांतपणे म्हणणार, 'मॅडम, पॉइंटवर या.' म्हणजे तुम्ही झाड आणलंत आणि माती तिकडेच राहिली.

मग आपल्याकडे कोर्टात मन उघडं पडतं कुठे? माझ्या अनुभवाने उलटतपासात. सरतपास, म्हणजे आपल्याच साक्षीदाराची जबानी, आता दिवाणी दाव्यात शपथपत्रावर होतो, टाइप केलेले कागद दाखल करायचे, त्यात नाट्य काही नाही. उलटतपास मात्र समोरासमोर होतो, आणि तिथे अशी एक सुंदर गोष्ट घडते जी मी अजून कुठल्याही मालिकेत बघितलेली नाही. वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार त्याच्या भाषेत उत्तर देतो, आणि जज्जसाहेब ते रेकॉर्डच्या भाषेत सांगून टाइप करून घेतात. वकिलाने सुचवलेलं साक्षीदाराने नाकारलं की राग, रडू, टोमणे सगळं एका ठरलेल्या वाक्यात येऊन बसतं, 'हे म्हणणे खरे नाही की...'

एक उदाहरण देते, माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून बरंच बदललंय. पेठेतला वाडा. मालक म्हणतात, मला भाडेकरूची दोन खोल्यांची जागा हवी, मुलाचं लग्न करायचंय. भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा आहे, त्यात मालकाची स्वतःची खरी गरज हे जागा परत मागण्याचं एक कारण आहे, असे दावे इथे लघुवाद न्यायालयात चालतात, आणि पेठांमध्ये 'मुलाचं लग्न अडलंय' ही गरज मी कितीतरी दाव्यांत वाचलीये. मी भाडेकरूकडून होते. मालकांचा मुलगा साक्षीला उभा, वय चौतीस, इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात पेन. मी विचारलं, आतापर्यंत किती स्थळं बघितली. तो म्हणाला, अकरा. मी म्हटलं, अकराही मुलींनी जागा नाही म्हणूनच नकार दिला का. तो गप्प. मग मला जे अशिलाने शिकवलं होतं ते विचारावंच लागलं, आणि रेकॉर्डवर वाक्य आलं, 'हे म्हणणे खरे नाही की माझे लग्न जागेअभावी नव्हे तर माझ्या स्वभावामुळे जमत नाही.' टाइप करणाऱ्या स्टेनोच्या बोटांचा वेग क्षणभर कमी झाला. मुलगा कठड्यावर बोटाने रेघ ओढत होता, पुढे मागे, पुढे मागे. मागे बाकावर त्याची आई बसली होती. मी पुढचा प्रश्न विचारला कारण माझं काम ते होतं, भाडेकरू म्हाताऱ्या बाई होत्या आणि त्यांना जायला दुसरी जागा नव्हती.

हे हसायला येण्यासारखं आहे आणि पोटात तुटण्यासारखंही, दोन्ही एकाच वाक्यात आहे. तुम्हाला कॉमेडी-ड्रामा लिहायचाय ना, तर हा तो मसाला. शिवाय त्याच कायद्यात पुढे अशी तरतूद आहे की गरज खरी असली तरी कोर्टाने बघायचं, जागा खाली करायला लावली तर होणारा त्रास मोठा की न लावली तर होणारा मोठा. आम्ही त्याला कंपॅरेटिव्ह हार्डशिप म्हणतो. एकीकडे एका मुलाचं न झालेलं लग्न आणि दुसरीकडे एका बाईचं चाळीस वर्षांचं स्वयंपाकघर, तराजूत हे ठेवायचं. आता कल्पना करा की मालकाकडून तुमचा नायक उभा आहे आणि भाडेकरूकडून नायिका, आणि तिला हा प्रश्न विचारावा लागतोय, आणि नायकही तेहतीस-चौतीसचाच आहे आणि त्याचंही लग्न झालेलं नाही ते तिच्याचमुळे. एक शब्द जास्तीचा बोलायची गरज नाही. तिने प्रश्न विचारावा, त्याने 'हरकत आहे' म्हणून उठावं, आणि हरकत कुठल्या कारणावर आहे हे त्याला सुचू नये, एवढा सीन पुरे.

आता दुसरा प्रश्न, नियमात बसतं का. मला वाटतं तुमची सगळी सिरीज याच उत्तरात आहे, म्हणून जरा सावकाश वाचा.

दोन वकिलांचं एकमेकांवर प्रेम असेल, अगदी नवरा-बायको असतील, तरी त्यांनी समोरासमोर उभं राहू नये असं बार कौन्सिलच्या, म्हणजे वकिलांवर देखरेख करणाऱ्या संस्थेच्या, नियमात सरळ कुठे लिहिलेलं नाही. जज्ज जवळचे नातेवाईक असतील तर त्या कोर्टात उभं राहायचं नाही, हे मात्र स्पष्ट आहे, तुमच्या पुढच्या सीझनला कुणी जज्जची परीक्षा पास झालं तर ते कामाला येईल. वकिलांच्या बाबतीत नियम वेगळ्या बाजूने येतो. तो म्हणतो की वकिलाने काम घेताना आणि काम चालू असेपर्यंत, समोरच्या पक्षाशी असलेलं आपलं नातं आणि त्या वादात आपला असलेला कुठलाही हितसंबंध अशिलाला मोकळेपणाने सांगितला पाहिजे. समोरच्या पक्षाच्या वकिलावरचं प्रेम त्या शब्दांत बसतं का यावर वकील वाद घालतील, काही म्हणतील पक्षाशी नातं म्हणजे पक्षाशी, त्याच्या वकिलाशी नव्हे. मी माझ्यापुरतं सांगते, अशिलाच्या जागी मी असते तर मला कळायला हवं होतं असं वाटलं असतं, म्हणून माझ्या चेंबरमध्ये आम्ही सांगतो.

याचा अर्थ बघा. तुमच्या नायिकेला ज्या दिवशी मनातल्या मनात कळलं की अजून प्रेम आहे, त्या दिवशी ते ऐकण्याचा पहिला हक्क तिच्या अशिलाचा. नायकाच्या आधी अशिलाचा! म्हणजे वाड्यातल्या म्हाताऱ्या काकूंच्या समोर स्टुलावर बसून तिला म्हणावं लागणार, 'काकू, समोरचे वकील आहेत ना, त्यांच्याबद्दल एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी.' आणि काकू, ज्यांना त्या वकिलाने मागच्या तारखेला तासभर उभं करून छळलंय, त्या आधी विचारणार की म्हणजे माझी केस हरणार का. मग चहा ठेवणार. मग विचारणार की त्याला माहितीये का. आणि ती म्हणणार, नाही. हा सीन लिहून बघा तुम्ही, मला खात्री आहे की तुमच्या तिघांपैकी कुणाला तरी तो एका बैठकीत येईल. आणि यात एक शब्द ओढून आणलेला नाही, नियम माझ्यासारखा वाचला तर त्यानेच तिला त्या स्टुलावर बसवलंय.

ही झाली सांगण्याची सक्ती. आता न सांगण्याची. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेलं बाहेर न्यायचं नाही, पूर्वी हे पुराव्याच्या कायद्यात १२६ कलमात होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात १३२ व्या कलमात आहे. आणि काम संपलं म्हणून हे बंधन संपत नाही, केस निकाली निघून दहा वर्षं झाली तरी तोंड बंदच. यात 'प्रेमात असाल तर चालेल' असा अपवाद नाही, बायकोला सांगितलेलं चालेल असाही नाही. आमच्या ओळखीत वकील नवरा-बायकोची चार-पाच घरं आहेत, दोघांच्या फाईली वेगळ्या कपाटात, फोन आला की एक जण गॅलरीत जातो. बाहेरच्या माणसाला ते संशयास्पद वाटेल. त्या घरात तो आदर असतो.

तर तुमच्या नायक-नायिकेचं प्रेम कशाचं बनलंय? एकमेकांना जे सांगता येत नाही त्याचं. नायकाला माहीत आहे की त्याचा अशील उद्या असा कागद दाखल करणार आहे ज्याने नायिकेची केस पडेल. आज संध्याकाळी ते दोघं भेटणार आहेत. तो काही सांगू शकत नाही, आणि काही झालंच नाही असं वागणंही त्याला जमत नाही. ती वकील आहे, त्याच्या गप्प बसण्यावरूनच ती ओळखेल की काहीतरी आहे, आणि ओळखलंय हे ती त्याला दाखवणार नाही, कारण दाखवलं तर त्याला अडचणीत आणल्यासारखं होईल. हे एकमेकांना सांभाळून घेणं मला कुठल्याही आय लव्ह यू पेक्षा मोठं वाटतं. आणि हे फक्त वकिलांच्याच गोष्टीत होऊ शकतं, डॉक्टरांच्या किंवा आयटीवाल्यांच्या गोष्टीत अशा पद्धतीने नाही. केस काढून टाकली तर प्रेमाचा सीन पडेल आणि प्रेम काढलं तर केसचा सीन पडेल, असं बांधता आलं पाहिजे.

केलीच्याच नंतरच्या 'बॉस्टन लीगल' मध्ये (२००४ ते २००८) हे फार छान जमलंय. शेवटाला डेनी आणि अ‍ॅलन हे दोन मित्र एकमेकांशी लग्न करतात, डेनीला अल्झायमर झालाय, आणि तो लग्नाचं विचारतो ते मालमत्तेची आणि दवाखान्यातल्या निर्णयांची कायदेशीर सोय म्हणून. सगळं बोलणं कायद्याचं, आणि तुम्ही बघत असता की एक माणूस दुसऱ्याला म्हणतोय, माझं डोकं जाईल तेव्हा तू माझ्याजवळ रहा. वकील लोक खरंच असेच असतात हो. भावना थेट बोलायची सवय नसते, तरतुदीतून बोलतात.

आतापर्यंतचं एका दमात सांगायचं तर भाषण काढा, उलटतपास आणा, आणि प्रत्येक केस निवडताना विचारा की या केसने कुणाला काय सांगायला भाग पाडलं आणि काय सांगू दिलं नाही.

आता फॅमिली कोर्टाबद्दल, कारण तुमचा पहिला एपिसोड तिथला आहे. १९८४ चा फॅमिली कोर्टाचा कायदा वाचा, फार मोठा नाहीये. त्यात वकील हा हक्क म्हणून नसतोच, कोर्टाची परवानगी घेऊन उभं राहायचं असतं, रोजच्या कामात ती मिळते पण अर्ज द्यावा लागतो. आधी तडजोडीचा प्रयत्न करणं हे कोर्टाचं कर्तव्य आहे म्हणून समुपदेशक असतात, आणि कुठल्याही एका पक्षाने मागितलं तर सुनावणी इन कॅमेरा होते, म्हणजे बाहेरची माणसं बाहेर. तेव्हा तुमचे मित्रमैत्रिणी मागच्या बाकावर बसून रडू शकत नाहीत. त्यांना कॉरिडॉरमध्ये बसवा, फॅमिली कोर्टातलं अर्धं आयुष्य कॉरिडॉरमध्येच असतं, आणि दाराबाहेर बसून आत काय चाललंय ते न कळणं हे जास्त चांगलं दृश्य आहे.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात अर्ज केल्यावर सहा महिने थांबायचं असतं, २०१७ पासून सुप्रीम कोर्टाच्या निकालाने योग्य केसमध्ये ते माफ होऊ शकतात, पण मुदत असो की माफ असो, हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. या सहा महिन्यांत तुमचा आख्खा सीझन बसेल, हे मी फक्त सुचवून ठेवते.

स्त्रीधन परत करण्याचा दिवस मात्र नक्की बघण्यासारखा असतो. कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे तडजोडीच्या अटींच्या कागदात, यादी जोडलेली असते आणि वस्तू ताब्यात मिळाल्याची पुरसिस, म्हणजे कोर्टाला द्यायचं लेखी निवेदन, दाखल करायची असते. अशाच एका दिवशी मी आणि समोरचे वकील एका टेम्पोच्या मागे उभे होतो, मी यादी वाचत होते, ते खूण करत होते. कुकर पाच लिटरचा, एक. चांदीचं निरांजन, एक. मिक्सर, एक, त्याचं छोटं भांडं सापडेना, मग नवऱ्याने गाडीच्या डिकीतून काढून आणून दिलं, वेगळं कागदात गुंडाळून ठेवलं होतं. क्रमांक एकोणतिसाव्याला पुरणयंत्र. तिने ते हातात घेतलं, हँडल एकदा फिरवून बघितलं आणि म्हणाली, हे राहू दे, आईंना होळीला लागतं. तो म्हणाला, आई आता करत नाही पुरण. ती म्हणाली, मग कोण करतं? आणि त्याच्यावर कुणीच काही बोललं नाही. समोरच्या वकिलांनी खूण करायला पेन टेकवलं होतं ते तसंच उचललं. शेवटी आम्ही यादीत त्या वस्तूपुढे लिहिलं, 'अर्जदाराने स्वखुशीने सोडली', दोघांच्या सह्या घेतल्या.

हे सांगायचं कारण असं की त्या क्षणी आम्ही दोन वकील पण तिथे होतो. तुमच्या नायक-नायिकेला अशा टेम्पोच्या मागे उभं करा. एकाने वाचायचं, एकाने खूण करायची. दुसऱ्याचा संसार वस्तू-वस्तूने मोजताना त्यांचा जो कधी झालाच नाही तो दोघांच्याही डोळ्यासमोर येईल, आणि तो आला हे प्रेक्षकाला कळेल, त्यासाठी फ्लॅशबॅक नको.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, तिथे मी ठाम सांगणार नाही. चॅनलवरची रोजची मालिका असेल तर वीस मिनिटांत उलटतपास बसवणं अवघड, तिथे कॉरिडॉर आणि चेंबर जास्त वापरा. वेबसिरीजला मोकळीक आहे. 'दर एपिसोडला एक केस संपली पाहिजे' असा आग्रह असेल तर माझं मत वेगळं आहे. आपल्याकडे केस एका तारखेत संपत नाही हे प्रत्येक घराला माहीत आहे, त्यामुळे निकाल लागलेला दाखवला की खोटं वाटतं. एपिसोड म्हणजे एक केस असं धरण्यापेक्षा एपिसोड म्हणजे एक तारीख असं धरून बघा. तीन-चार दावे पूर्ण सीझनभर चालू राहू देत, काकू परत परत येऊ देत, त्या मालकाच्या मुलाचं लग्न मध्येच ठरू दे, म्हणजे गरज आणखी पक्की झाली आणि आपली नायिका अडचणीत आली, आणि लग्नाची पत्रिका दोन्ही वकिलांना आली. विनोद असा प्रोसिजरमधून काढा. पक्षकारावर मात्र हसू नका, अगदी विक्षिप्त असला तरी. ज्याची केस असते त्याच्यासाठी ती आयुष्यातली एकच असते.

फर्मचं पण बघा. अ‍ॅलीचं ते चकचकीत ऑफिस आपल्या जिल्हा कोर्टाच्या प्रॅक्टिसमध्ये क्वचित. इथे एक सीनियर, त्यांचं दोन खोल्यांचं चेंबर, संध्याकाळी सहा ते नऊ पक्षकार, आणि कोपऱ्यात तीन ज्युनिअर. दोघंही एकाच सीनियरकडून बाहेर पडलेले दाखवले तर त्या एका ऑफिसात मिळणारी सगळी जवळीक मिळेल, एकमेकांच्या सवयी, कोण प्रश्न विचारण्याआधी चष्मा पुसतो, सगळं दोघांना पाठ. आणि सीनियर गेले की त्यांच्या फाईली कुणी वाटून घ्यायच्या, हाही एपिसोड आहे.

बारीकसारीक चुका, पटपट सांगते. जज्ज हातोडा आपटत नाहीत, ऑर्डर ऑर्डर म्हणत नाहीत. गीतेवर हात ठेवत नाहीत, शपथ तोंडी असते. गाऊन सुप्रीम कोर्ट आणि हायकोर्टात सक्तीचा, खाली ऐच्छिक आहे, आणि बँड (गळ्यातली पांढरी पट्टी) आणि गाऊन घालून बाहेर हिंडायला बार कौन्सिलच्या नियमानेच मनाई आहे, तेव्हा तुमचा नायक कॅफेत बँड लावून बसलाय ते काढा. त्याने कॅफेच्या दारात बँड सोडून खिशात ठेवावा आणि तिने तो खिशातून लोंबताना बघावा, हे जास्त खरं. अर्जावर जज्जसाहेब लिहितात 'अदर साइड टू से', म्हणजे समोरच्याने म्हणणं द्यावं, आणि आम्ही दिवसभर 'तुमचा से आला का', 'से द्या ना आता' असं एकमेकांना म्हणत असतो. हा शब्द तुमच्या दोघांच्या तोंडी असला पाहिजे, याचं काय करायचं ते तुम्हाला सुचेलच.

आणि पुणं दाखवताना दरवेळी नदीकाठ आणि टेकडीच नको. कोर्टाच्या जवळच मेट्रोचं डिस्ट्रिक्ट कोर्ट स्टेशन आहे (आधीचं नाव सिव्हिल कोर्ट), २०२३ च्या ऑगस्टपासून चालू आहे, तिथे दोन लाईन एकमेकींना छेदतात, एक पिंपरीकडून येणारी आणि एक वनाझ-रामवाडीची. तिला कोथरूडला जायचंय, त्याला पिंपरीला. दिवसभर एकमेकांविरुद्ध भांडून दोघं कोर्टातून एकत्र निघू शकतात आणि स्टेशनात वेगळे होतात. कुणी किती वेळ रेंगाळलं, कुणी एक गाडी मुद्दाम सोडली, यावरून मला सीझनभर कळत राहील की दोघांचं कुठपर्यंत आलंय.

पहिला एपिसोड परत लिहिलात तर मला जरूर पाठवा, कायद्याचं मी बघून देईन, काकूंच्या चहाचा सीन आधी. आणि टेम्पोचा प्रसंग वापरायचा असेल तर वापरा, फक्त पुरणयंत्र बदला. मी एकदा बदललेलंच आहे, तुम्ही परत एकदा बदला.